ढोली, पट्टीपेटी की चौकटपेटी? दहा वसाहतींचा हिशेब मधाच्या किलोत

रानमोहर

मधमाशापालनावरची चर्चा "पेटीमागे किती मध निघतो" इथून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच अडकते. किती निघतो यापेक्षा किती उरतो हे कळायला हवं. म्हणून या धाग्यात छोट्या प्रमाणावरचा, म्हणजे साधारण दहा वसाहतींचा हिशेब मांडू. प्रत्येकाकडचे दर वेगळे, शिवाय दरवर्षी बदलणारे. त्यामुळे सगळा खर्च मधाच्या किलोत मोजू. एखादी वस्तू घ्यायला किती किलो मध घाऊक विकावा लागेल, तेवढी तिची किंमत.

तुलना तीन प्रकारांची:
१) पोकळ ओंडका, मडकं किंवा लिंपलेली टोपली. पोळं आत थेट चिकटलेलं. पुढे सोयीसाठी या सगळ्यांना ढोली म्हणू.
२) पट्टीपेटी. वर नुसत्या पट्ट्या, खाली चौकट नाही. पट्टी उचलली की पोळं बाहेर येतं.
३) लँगस्ट्रॉथ किंवा तशाच बांधणीची चौकटपेटी. पोळं सुट्या लाकडी चौकटीत, चौकट उचलली की बाहेर.

मध कापून घ्यायचा की यंत्रात फिरवायचा, मेण किती, मजुरी किती, वसाहत मेली तर काय, हे सगळं हिशेबात यावं.

हिशेबनीस

सुरुवात करतो. खालचे आकडे गृहीत धरलेले आहेत. ते काढून स्वतःचे घाला, पण रकाना एकही वगळू नका.

चौकटपेटी, दर पेटी दर वर्षी:
- तळपाट, पिलावा (अंडी, अळ्या, कोष) कक्ष, एक मधकोठी (वरचा मधाचा कप्पा), चौकटी, झाकण, घोडी (पेटीखालचा स्टँड) मिळून २४ किलो. आयुष्य १२ वर्षं. वर्षाला २ किलो.
- मधयंत्र (चौकटी फिरवून मध काढणारं), धुराडे (माश्यांना धूर द्यायचं), बुरखा, सुरी, गाळण्या, बादल्या मिळून ६० किलो, आयुष्य १५ वर्षं. वर्षाला ४ किलो, दहा पेट्यांत वाटले तर ०.४.
- वसाहतीची किंमत १५ किलो, दर पाचांत एक मरते. ३ किलो.
- टंचाईत, म्हणजे फुलं नसताना, १० किलो साखर. साखरेचा दर मधाच्या एक पंचमांश धरला तर २ किलो.
- जुनी पोळी बदलायला मेणपत्रे (घरांचा ठसा असलेले मेणाचे पातळ पत्रे) ०.६, औषधोपचार ०.५, बाटल्या-डबे ०.५.
- मजुरी ८ तास, तासाला अर्धा किलो. ४ किलो.

एकूण १३ किलो. सरासरी २० किलो मध निघाला तर ७ किलो उरले. १२ किलो निघाला तर १ किलोचा तोटा, आणि तो बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही, कारण स्वतःची मजुरी कुणी लिहीत नाही.

ढोली: बनवायला २ किलो, आयुष्य ६ वर्षं, म्हणजे ०.३३. थवा (जुनी वसाहत सोडून निघालेल्या माश्या) आपणहून येऊन बसतो किंवा पकडता येतो. अवजारं ०.३५. मजुरी वर्षाला २ तास, १ किलो. एकूण १.७ च्या आसपास. मध ५ किलो निघाला तर ३.३ उरले.

आता महत्त्वाचं. मजुरी बाजूला ठेवून तासामागे काय पडतं ते पाहा. ढोलीत (५ वजा ०.७) भागिले २ तास, म्हणजे २.१५ किलो. चौकटपेटीत (२० वजा ९) भागिले ८ तास, म्हणजे १.४ किलो. पेटीमागे चौकटपेटी पुढे आहे, तासामागे आणि गुंतवणुकीमागे ढोली. पैसा कमी आणि थवे भरपूर असतील तर ढोलीचा माणूस चुकत नाही. वसाहती मोजक्या असतील किंवा पेट्या ठेवायला जागा कमी असेल तर चौकटपेटी हवी. "आधुनिक ते फायद्याचं" हे सरसकट विधान या आकड्यांपुढे टिकत नाही.

यंत्राचा रकाना पुन्हा बघा. दोनच पेट्या असतील तर तेच ४ किलो दोघांत वाटले जातात, पेटीमागे २ किलो. छोट्यांनी मधयंत्र सामाईक घ्यावं असं म्हणतात ते यासाठी.

जुनी ढोली

हिशेबनीस, मांडणी उत्तम, पण ढोलीवर दोन बाबतींत अन्याय झालाय.

पहिली बाब मेण. ढोलीतलं पोळं कापून, कुस्करून मध काढतात, त्यामुळे मधाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकं मेण हाती येतं. ५ किलो मधामागे अर्धा किलो. चौकटपेटीत फक्त टोप्यांचं, म्हणजे घरं बंद करणाऱ्या झाकणांचं मेण मिळतं, १०० किलो मधामागे एक-दोन किलो. मेण सडत नाही, फुटत नाही, वर्षानुवर्षं टिकतं, कमी जागेत जास्त किंमत वाहून नेता येते. मध कुस्करल्यावर उरलेला चोथा फेकून देणारे आपल्या कमाईचा चांगला हिस्सा फेकतात.

मेण वितळवताना भांडं स्टीलचं किंवा ॲल्युमिनियमचं घ्या. लोखंड, तांबं, पितळ यांत मेण काळपट, हिरवट पडतं. पाणी शक्यतो पावसाचं. चोथा आधी धुवा, मग पाण्यात सौम्य आचेवर ठेवा. मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, उकळ्या आणायची गरज नाही. थेट आचेवर कोरडं मेण कधीही ठेवू नका, भडका उडतो. जाड कापडातून गाळून सावकाश निवू द्या, गाळ वडीच्या बुडाला बसतो, तो खरवडायचा.

दुसरी बाब काढणीची. ढोली म्हणजे वसाहत मारून मध, असं अनेकांच्या डोक्यात बसलंय. आडव्या लांब ढोलीत पिलावा प्रवेशद्वाराजवळ असतो आणि मध मागच्या टोकाला. मागचं झाकण उघडा, धूर मागून पुढे ढकला, माश्या पिलाव्याकडे सरकतात. मागची पांढऱ्या टोप्यांची पोळी कापा. तपकिरी, खडबडीत टोप्या दिसायला लागल्या की थांबा, तो पिलावा. त्याला लागून असलेलं मधाचं एखादं पोळं माश्यांना ठेवा. असं केलं तर तीच वसाहत पुढच्या हंगामात तिथेच असते. दोन्ही टोकांना झाकण असलेली ढोली हवी ती याचसाठी. मडक्यात हे अवघड, कारण तोंड एकच.

मेणपत्रा

जुनी ढोली यांच्या मेणाच्या मुद्द्याला +१. मात्र त्याच मेणाची दुसरी बाजूही आहे. एक किलो मेण बनवायला माश्या सहा ते आठ किलो मध खातात असा नेहमीचा अंदाज आहे. भर हंगामात तरुण माश्या तसंही मेण स्रवतात, त्यामुळे सगळाच मध वाचतो असं नाही. पण रिकामी, बांधलेली पोळी हंगामाच्या पहिल्या दिवशी परत मिळाली तर माश्या थेट मकरंद भरायला लागतात. फुलोरा तीन आठवड्यांचा असेल आणि त्यातला एक पोळी बांधण्यात गेला तर उत्पन्न तिथेच पडलं. चौकटपेटीचा फायदा मला विचाराल तर या परत मिळणाऱ्या पोळ्यांत आहे, लाकडाच्या पेटीत नाही.

इतिहास इथे कामाचा आहे. लँगस्ट्रॉथने माश्यांची वाट (ये-जा करायला माश्या मोकळी ठेवतात ती फट) ओळखली १८५१ मध्ये, मेहरिंगचा मेणपत्रा आला १८५७ मध्ये, ह्रुश्काचं मधयंत्र १८६५ मध्ये. चौकट, मेणपत्रा आणि मधयंत्र ही तिन्ही मिळून एकच साधन होतं. चौकटपेटी घेऊन मेणपत्रा न लावणारा आणि पोळं कापून पिळणारा माणूस खर्च आधुनिक करतो आणि उत्पन्न ढोलीचं घेतो. तोट्यातल्या छोट्या मधपाळांत ही स्थिती सर्रास दिसते. पेट्या वाटल्या जातात, मधयंत्र मिळत नाही, आणि मग म्हणतात पेटी चालत नाही.

घरी पेटी बनवणाऱ्यांसाठी: माश्यांची वाट ६ ते ९ मिमी. यापेक्षा कमी फट माश्या डिंकाने बुजवतात, जास्त फटीत आडवंतिडवं पोळं बांधतात. ही वाट तीन ठिकाणी पाळावी लागते. चौकटीची बाजू आणि भिंत यांत, वरची पट्टी आणि झाकण यांत, आणि खालच्या चौकटीचा माथा व वरच्या चौकटीचा तळ यांत. तिसरी जागा हमखास चुकते. मग मधकोठी उचलताना खालच्या चौकटीही वर येतात, पोळी फाटतात, माश्या चिडतात, मध गळतो आणि लुटीला सुरुवात होते, म्हणजे दुसऱ्या पेट्यांच्या माश्या मध चोरायला येतात. लाकूड पूर्ण वाळलेलं घ्या. ओल्या लाकडाची पेटी आकसली की ८ मिमीची वाट ५ वर येते. बाहेरून रंग चालेल, आतून नको.

मधयंत्रात नवं पांढरं पोळं भरधाव फिरवू नका. एक बाजू अर्धी रिकामी करायची, उलटवायचं, दुसरी पूर्ण, पुन्हा उलटवून पहिली पूर्ण. आतल्या बाजूचा मध पोळ्याला जाळीवर दाबतो, तो आधी हलका केला नाही तर पोळं मधोमध फुटतं. मध गार असेल तर निघत नाही. खोली २७ ते ३२ अंशांवर असावी.

पाणकणीस

दोन प्रश्न. वरचे २० किलो मेलिफेराचे (युरोपीय मधमाशीचे) धरलेत ना? सातेरीसाठी, म्हणजे आपल्या देशी मधमाशीसाठी, हेच गणित लावलं तर? आणि पट्टीपेटीबद्दल अजून कुणी बोललं नाही.

हिशेबनीस

हो, २० किलो मेलिफेराचेच. सातेरीला तेच गणित लावलं तर चौकटपेटी बुडते. सातेरीची वसाहत लहान असते, त्यामुळे स्थिर उत्पन्न बरंच कमी धरा, ८ किलो समजा. मग खर्चही त्याच मापाने खाली आणावा लागतो. पेटी लहान आणि स्वस्त, साखर तीन-चार किलो. व्हरोआ या माश्यांवरच्या परजीवी कोळ्याचा खर्च जवळजवळ शून्य, कारण सातेरी ही त्या कोळ्याची मूळ यजमान आहे आणि ती त्याला आटोक्यात ठेवते. वसाहत थव्यातून मिळाली तर तोही रकाना रिकामा. असं केलं तर ८ किलोतही उरतं. मेलिफेराच्या पूर्ण मापाच्या पेटीत सातेरी घातली की मात्र दोन्हीकडून मार. पेटीचा पैसा गेला आणि मोकळ्या पोकळीमुळे वसाहत ऊब राखू शकत नाही.

मेणपत्रा

यात मापांची भर घालतो. मेलिफेराच्या चौकटींचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर ३५ मिमीच्या आसपास, सातेरीचं ३० ते ३२. मेलिफेराचा मेणपत्रा सातेरीला मोठा पडतो. तिच्या कामकरी माशीचं घर लहान असतं, त्यामुळे अशा पत्र्यावर बांधणी बिघडते आणि नरांची घरं वाढतात. मेणपत्रा सातेरीच्या मापाचाच मागा. मिळाला नाही तर वरच्या पट्टीला बोटभर रुंदीची मेणाची नुसती पट्टी चिकटवा, बाकी त्या बांधून घेतील.

सातेरीचा मोठा तोटा पेटी सोडून जाण्याचा. त्यामागची कारणं जवळपास ठरलेली: अन्न संपलं, मुंग्या, मेणकिडा, ऊन, किंवा वारंवार उघडझाप. मध काढताना पिलाव्याच्या वरची मधाची कमान कापली तर टंचाईत त्या जाणारच. घोडीच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या, जुनी काळी पोळी वेळेवर बाहेर, पावसाळ्याआधी जोखून पाहिलेला साठा. एवढ्याने बरंच थांबतं. थाई सॅकब्रूड विषाणू आला तर मात्र वेगळं संकट, त्यात पिलावा पिशवीसारखा फुगून मरतो. रोगट वसाहतीची पोळी दुसरीला कधीही देऊ नका.

गवताळ

पट्टीपेटीबद्दल.

पट्टीची रुंदी हाच तिचा प्राण. मेलिफेराच्या युरोपीय जातींना ३५ मिमी, आफ्रिकी जातींना ३२, सातेरीला ३० च्या जवळ. रुंदी चुकली की माश्या दोन पट्ट्यांवर मिळून एक पोळं बांधतात, मग एकही पट्टी सुटी उचलता येत नाही आणि पेटीची ढोली होते. प्रत्येक पट्टीच्या तळाशी मधोमध मेणाची धार किंवा त्रिकोणी उंचवटा हवा. पेटी पाणसळीने सपाट ठेवा, कललेल्या पेटीत पोळी पट्टी सोडून तिरकी जातात. भिंती खाली निमुळत्या ठेवल्या तर पोळं बाजूला कमी चिकटतं.

हाताळताना पोळं नेहमी उभ्या पातळीत. आडवं केलं की स्वतःच्या वजनाने तुटतं, उन्हात तर लगेच. उन्हाच्या काळात नवी, मधाने भरलेली पोळी असताना तपासणी सकाळी लवकर उरका.

पैशाच्या बाजूने पट्टीपेटी मधे बसते. बनवायला फक्त पट्ट्या अचूक लागतात, बाकी माप थोडं इकडेतिकडे चालतं. मधयंत्र नको, मेणपत्रा नको. पोळं कापल्यामुळे ढोलीसारखं मेण मिळतं, आणि पिलावा तपासता येतो. मजुरीचा प्रकारही वेगळा: वजन एका वेळी एकाच पोळ्याचं. चौकटपेटीची मधाने भरलेली पूर्ण उंचीची कोठी ३५-४० किलोची होते, ती एकट्याने उतरवणं प्रत्येकाला जमत नाही. उथळ कोठी वापरली तर निम्म्यावर येते. उणीव अशी की हंगामात दर आठवडा-दहा दिवसांनी जागा करून द्यावी लागते, नाहीतर पिलाव्याची जागा मधाने भरते आणि थवा निघतो. स्वच्छ पांढरी, पूर्ण टोपीबंद पोळी चौकोनी तुकड्यांत कापून विकली तर किलोमागे निथळलेल्या मधापेक्षा जास्त मिळतं. पट्टीपेटीची कमाई त्या तुकड्यांत धरा.

रानमोहर

हिशेबात "दर पाचांत एक मरते" हा रकाना सगळ्यात जड वाटतो. तो कमी कसा करायचा?

कोळीमार

बरोबर हेरलंत. पाचांत दोन मेल्या तर ३ चे ६ किलो होतात, उरलेले ७ किलो ४ वर येतात, शिवाय मेलेल्या वसाहतींचा मध गेला तो वेगळाच. पेटीच्या प्रकारावर वाद घालण्यापेक्षा या रकान्यावर मेहनत घेतली तर जास्त उरतं.

मेलिफेरात पहिला शत्रू व्हरोआ. मोजल्याशिवाय औषध नको आणि मोजल्याशिवाय निर्धास्तही राहू नका. पिलाव्याच्या चौकटीवरच्या साधारण ३०० माश्या, म्हणजे अर्धा कप, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या. आधी राणी त्या चौकटीवर नाही याची खात्री करा. दोन चमचे पिठीसाखर घाला, मिनिटभर घोळवा, काही मिनिटं तशीच ठेवा आणि पांढऱ्या ताटात जोरात हलवा. पडलेल्या कोळ्यांना तीनने भागलं की दर शंभरी संख्या. ती तीनच्या पुढे गेली तर उपाय करावाच लागतो. ऑक्झॅलिक आम्ल टोपीखालच्या कोळ्यांपर्यंत पोचत नाही, म्हणून ते पिलावा नसताना. फॉर्मिक आम्ल टोपीखाली पोचतं, पण त्याला तापमानाची मर्यादा आहे, उकाड्यात राणी मरू शकते. मधकोठी पेटीवर असताना काय चालतं आणि काय नाही, ते औषधाच्या वेष्टनावर वाचून पाळा.

ढोलीत ही मोजणी जमत नाही, दारातून पकडलेल्या माश्यांवर कोळी कमी दिसतात. ढोलीतल्या माश्या वारंवार थवे सोडतात, त्यात पिलाव्याला खंड पडतो आणि कोळी काहीसे घटतात, एवढाच आधार. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत हलवता येणारी पोळी कायद्याने सक्तीची आहेत, त्यामागे रोगतपासणीच आहे. विशेषतः अमेरिकन फाउलब्रूड, पिलाव्याचा जिवाणूजन्य रोग. त्याचे बीजाणू पोळ्यांत आणि लाकडात दशकानुदशकं जिवंत राहतात. संशय आला तर मेलेल्या अळीत काडी घालून हळू ओढा. दोनेक सेंटिमीटर तपकिरी तार निघाली तर ती वसाहत जाळायची, पोळी विकायची किंवा वाटायची नाहीत. स्वस्तात मिळालेली वापरलेली पेटी सगळ्यात महाग पडते ती अशी.

साठवलेल्या पोळ्यांना मेणकिडा लागला तर मेणपत्रा यांनी सांगितलेला सगळा फायदा पावडर होऊन खाली पडतो. उणे १२ अंशांवर तीन तास किंवा उणे १५ वर दोन तास ठेवलं की अंड्यांसकट किडा मरतो. मग हवाबंद पिशवीत. डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत, मेणात मुरतात आणि मधात उतरतात.

गवताळ

साखरेच्या रकान्यातही पैसा वाया जातो. अंड्यापासून माशी बाहेर यायला २१ दिवस, आणि मकरंदाला बाहेर पडायला आणखी सुमारे तीन आठवडे. म्हणजे फुलोऱ्यात राबणारी माशी सहा आठवडे आधी घातलेल्या अंड्यातून येते. उत्तेजनासाठीचा पातळ पाक, एकास एक, फुलोऱ्याच्या सहा-सात आठवडे आधी सुरू करा. फुलं दिसल्यावर दिलेला पाक माश्या वाढवत नाही, तो मधकोठीत जातो आणि तुमचा मध भेसळीचा ठरतो. टंचाईसाठी घट्ट पाक, दोन भाग साखर एक भाग पाणी. संध्याकाळी, पेटीच्या आत, सांडू न देता, दार आखडून.

पाणकणीस

मध विकताना परत येणाऱ्या बाटल्यांचं काय? आंबलेला मध हाही तोटाच.

मेणपत्रा

पाण्याचा अंश २० टक्क्यांच्या वर गेला की आंबण्याचा धोका. निदान तीन चतुर्थांश घरं टोपीबंद असल्याशिवाय चौकट काढायची नाही. टोपी नसलेली चौकट आडवी धरून झटका द्या, थेंब उडाले तर परत ठेवा. दहा पेट्यांवाल्याने अपवर्तनमापी (मधातलं पाणी मोजणारं उपकरण) घ्यावाच, एका आंबलेल्या पिंपाइतकीही त्याची किंमत नसते. कापून काढलेल्या मधात पिलावा किंवा ओलसर पराग मिसळला तर तोही आंबतो, म्हणून तीन बादल्या ठेवा: टोपीबंद मध, उघडा मध, पराग-पिलाव्याचे तुकडे. उघडा मध घरात वापरा किंवा त्याच वसाहतीला परत द्या. बाकी मध गाळताना ४० अंशांच्या वर तापवू नका.

रानमोहर

शेवटचा प्रश्न. ढोलीतली वसाहत चौकटपेटीत घ्यायची असेल तर? दहापैकी चार हलवायचा विचार आहे, सहा तशाच.

जुनी ढोली

सहा ठेवताय ते चांगलं. त्यांचे थवे पुढच्या पेट्या भरतील आणि "वसाहतीची किंमत" हा रकाना हलका होईल.

हलवण्याचा काळ म्हणजे फुलोऱ्याची सुरुवात, ढोलीत मध कमी आणि बाहेर अन्न येतंय अशी वेळ. दुपार उतरताना करा, लूट टळते. नवी पेटी ढोलीच्याच जागी, दार त्याच दिशेला. धूर देऊन पोळी एकेक कापा. पिलाव्याची पोळी चौकटीच्या मापाने कापून आत बसवा, सुती दोऱ्याने दोन-तीन वेढे द्या. माश्या जोडणी पक्की करून दोरा कुरतडून टाकतात. मधाची पोळी बांधू नका, जड असतात, कोसळतात आणि गळून लूट ओढवतात. ती झाकलेल्या बादलीत. पिलाव्याच्या चौकटी मधे, दोन्ही बाजूंना मेणपत्र्याच्या. राणी सापडली तर पिंजऱ्यातून आत सोडा. नाही सापडली तर माश्यांचा घोळका पेटीत झटका आणि दाराशी पाहा: शेपटी वर करून पंख हलवत उरलेल्यांना बोलावत असतील तर राणी बहुधा आत आहे. दार दोन बोटं ठेवा, पुढचे सात दिवस उघडू नका, आणि पहिल्या दिवसापासून थोडा पाक द्या.

पाणकणीस

पोळं बांधताना वरची बाजू कशी ओळखायची? कापल्यावर दोन्ही टोकं सारखीच दिसतात.

जुनी ढोली

कापण्याआधीच वरच्या कडेला काडी टोचून ठेवा. विसरलात तर पोळं बाजूने पाहा. घरं आतून बाहेर किंचित वर चढलेली असतात. घराचं तोंड बुडापेक्षा वर आलं की बाजू बरोबर. उलटं बांधलेल्या पोळ्यात मकरंद नीट धरला जात नाही आणि माश्या ते पाडून नव्याने बांधायला घेतात.